तीस फेब्रुवारीचा समुद्र

मागच्या वर्षी मृग लागला त्या दिवशी वंदना गेली. दुपारी तिला वैनगंगेवर नेलं. संध्याकाळी घरी आलो तेव्हा टेबलावर तिचा लॅपटॉप सुरू होता आणि पडद्यावर ओळी सरकत होत्या. तिचं मॉडेल चालू होतं. मॉडेलमधलं एकोणिसावं वर्ष होतं.

यंदा मृग पुन्हा लागला आहे आणि पेपरात पुन्हा तोच नकाशा आला आहे. प्रशांत महासागर, त्याच्या मध्यावर लाल पट्टा आणि वर मथळा: एल निनो येतोय, पाऊस कमी पडणार. मी पेपर घडी करून बाजूला ठेवला. या मथळ्यावर वंदना दर वेळी चिडायची. काही वर्षांनी तो समुद्र नेहमीपेक्षा तापतो, वारे मंदावतात आणि आपल्याकडे बऱ्याचदा पाऊस कमी होतो, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिचा सगळा जोर ‘बऱ्याचदा’वर असायचा. पेपरवाले नेमका तोच शब्द गाळतात. “माझी वीस वर्षं त्या एका शब्दात गेली,” ती म्हणायची, “आणि यांना तो छापायला जागा नाही.”

मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तकं जागच्या जागी ठेवणं हे माझं काम. वंदना पुण्याला एका संस्थेत समुद्राची मॉडेलं चालवायची. लग्नानंतरची बरीच वर्षं आम्ही सुट्ट्यांपुरते नवरा-बायको होतो. तिचं काम मला समजायचं ते तिनं जेवताना सांगितलं तेवढंच. सगळ्या पृथ्वीचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात किती ऊन, किती वारा, पाणी किती गरम, हे गणितानं काढायचं, मग पुढच्या तासाचं, मग त्याच्या पुढच्या. असं करत वर्षानुवर्षं मशीनमधला समुद्र हलत राहतो. तो खऱ्या समुद्रासारखा वागतो का, हे पाहायचं.

तो वागत नव्हता. वंदनाच्या मॉडेलमधला समुद्र तापायचा, पण एक वर्ष सोडून एक वर्ष, ठरल्यासारखा. खरा समुद्र कधी दोन वर्षांनी तापतो, कधी सात वर्षं वाट पाहायला लावतो. लहानपणी ती सुट्टीत ऊर्जानगरला, चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत, मामाकडे जायची. तिथे क्वार्टरसमोरून कंपनीची बस पाळीच्या वेळेला जायची आणि ती गेली की मामी कुकर लावायची. घड्याळाकडे कोणी बघायचं नाही. “माझा समुद्र कंपनीची बस झालाय,” वंदना म्हणायची. हसत म्हणायची, पण ताटातला भात चिवडत राहायची.

या एका तक्रारीवर माणसानं आयुष्य घालवावं याचा मला राग यायचा. आजही येतो. ज्या समुद्रात कोणी होडी घालणार नाही, ज्याच्या किनाऱ्यावर कोणी उभं राहणार नाही, तो वेळेवर तापतो म्हणून ती तिकडे आणि मी इकडे.

मागच्या वर्षी फाल्गुनात ती आजारपण घेऊन घरी आली. डॉक्टरांनी जे सांगायचं ते पुण्यालाच सांगून झालं होतं. मला वाटलं, आता तरी ती माझ्यासोबत बसेल. ती बसली, पण मांडीवर लॅपटॉप घेऊन. तिला एक शेवटचा प्रयोग करायचा होता. खऱ्या समुद्रावर पश्चिमेकडून अधूनमधून वाऱ्याचे झटके येतात, कधी येतील ते सांगता येत नाही. तिच्या मॉडेलमध्ये ते झटके फार दुबळे होते. ते तिनं जोरदार करून घातले. आता समुद्राचा ठेका मोडतो का, हे पाहायला मॉडेल शंभर वर्षं चालवायचं होतं. मशीन दूर कुठेतरी होतं. इथून फक्त हुकूम द्यायचा आणि सरकणाऱ्या ओळी पाहायच्या.

पहिली काही वर्षं फेकून देतात, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. मशीनमधला समुद्र सुरुवातीला गोंधळलेला असतो, त्याला निवळू द्यावं लागतं.

“मग आपल्या लग्नाचीही पहिली दहा वर्षं फेकू,” मी म्हणालो.

“दहानं नाही भागायचं,” ती म्हणाली. “तुम्हाला निवळायला वेळच फार लागला.”

तिचा मोठा भाऊ नामदेवभाऊ सिंदेवाहीजवळच्या गावी धान लावतो. तो आठवड्याला एकदा यायचा, कधी लाखोळीची डाळ, कधी मोहाची फुलं घेऊन. बहिणीला बरं नाही हे त्याला कळत होतं, पण आजाराबद्दल बोलणं त्याला जमत नसे. म्हणून तो पावसाबद्दल बोलायचा. पुण्याहून कधीही आली तरी वंदना भावाशी सिंदेवाहीचंच बोलायची.

“यंदा भारी टाकू का हलका?” तो विचारायचा. भारी धान उशिरा निघतो, जास्त पिकतो, पण त्याला शेवटपर्यंत पाणी लागतं. हलका लवकर हाती येतो. पाऊस आधी संपणार असेल तर हलका बरा.

“मले नाई सांगता येत, दादा.”

“मंग शिकली काऊन एवढी?”

“अरे, आपले चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्हे मिळून माह्या मॉडेलात एक चौकोन हाय. तुही धानाची बांधी त्यात दिसत नाई.”

“दिसत नाई?” नामदेवभाऊनं माझ्याकडे पाहिलं. “मले तं रोज दिसते, जवाईबापू. शेताच्या धुऱ्यावर उभं राह्यलं का पूर्ण दिसते.”

वंदना खूप हसली, मग खोकली. तिचा खोकला थांबेपर्यंत आम्ही दोघं पंख्याकडे पाहत बसलो. काही वर्षांपूर्वी अशाच एका एल निनोच्या बातमीवर विसंबून त्यानं सगळा हलका धान टाकला होता आणि दसऱ्यापर्यंत पाऊस पडत राहिला होता. शेजाऱ्यांचा भारी धान कमरेएवढा झाला. बातमी पेपराची होती, तरी तो बहिणीलाच म्हणायचा, “तुह्या समुंदरानं मले चांगलं फसवलं.” तिला ते लागायचं. समुद्र तापला होता, हे खरं होतं. पाऊस पडला, हेही खरं होतं. दोन्ही खरं असूनही भावाला सांगण्यासारखं काही तिच्या हाती उरत नव्हतं.

वंदनाचा जन्म एकोणतीस फेब्रुवारीचा. चार वर्षांतून एकदा खरा वाढदिवस. बाकीच्या वर्षी नामदेवभाऊ अठ्ठावीसला फोन करायचा, मी एक मार्चला शुभेच्छा द्यायचो, आणि ती दोघांनाही चुकलात म्हणायची. त्या उन्हाळ्यात एकदा तिनं मला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. तिचं मॉडेल जुन्या घडणीचं होतं. गणित सोपं व्हावं म्हणून त्यात बाराही महिने तीस-तीस दिवसांचे. “बघा, माझ्या समुद्रात दरवर्षी एकोणतीस फेब्रुवारी येते,” ती म्हणाली. “आणि तीससुद्धा येते. एकोणतीसला वाढदिवस, तीसला उरलेला केक.”

ती गेल्यावर लॅपटॉप बंद करावा असं मला वाटलं होतं. झाकणाला हात लावला आणि मागे घेतला. झाकण लावल्यानं दूरचं मशीन थांबत नाही, हे मला माहीत होतं. तरी तेरा दिवस मी तो तसाच ठेवला. आलेली माणसं त्याच्याकडे बघायची. “काहीतरी चालू आहे वाटतं,” एक जण म्हणाले, नळ वाहत राहिला असावा अशा सुरात. मी मान हलवली. ती असती तर तिनं त्यांना चहा संपेपर्यंत समुद्र समजावून सांगितला असता.

मागचा पावसाळा माझ्या लक्षात राहिला तो असा. बाहेर धानाचा हंगाम आणि घरात समुद्राचा. नामदेवभाऊच्या शेतात पऱ्हे उगवले, रोपं वीतभर झाली, चिखलणी झाली. टेबलावर दिवसाला साधारण एक वर्ष सरत होतं. सकाळी दात घासताना बाविसाव्या वर्षाचा मार्च, दुपारी जेवून उठलो की पावसाळा, संध्याकाळी दिवाबत्तीला डिसेंबर. पाऊस आला की आमच्याकडची लाईट जायची, ओळी थांबायच्या. लाईट आली की पुन्हा जोडणी करावी लागे. ती कशी करायची हे वंदनानं मला मे महिन्यात शिकवलं होतं, का ते न सांगता. तेवढ्या वेळात तिकडे दोन महिने उलटून गेलेले असायचे. तिच्या समुद्राला आमच्या लाईटशी घेणंदेणं नव्हतं. तिच्याशीही नव्हतं. हे मला सहन व्हायचं नाही. ज्यानं तिची एवढी वर्षं घेतली त्यानं एक दिवस तरी थांबायला हवं होतं, असं काहीतरी वेडगळ मनात यायचं.

आषाढात बसस्टँडबाहेर जंगलातल्या बायका पानांच्या द्रोणांत सात्या घेऊन बसतात. वारुळावर उगवणारी ही अळंबी वंदनाला फार आवडायची. त्या दिवशी गडचिरोलीकडून आलेल्या एका म्हातारीनं मला ओळखलं.

“बाई नाई आल्या?”

“नाही,” मी म्हणालो.

“मंग एकच द्रोन घ्या. तुमी एकटे किती खासान?”

तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण ती समजली. तरी मी दोन द्रोण घेतले, हट्टानं. घरी आलो तेव्हा पडद्यावर तारीख होती तीस फेब्रुवारी. ती तिथे स्वच्छ लिहिलेली होती, जगातल्या कुठल्याच कॅलेंडरात नसलेली. मी एकटाच हसलो. मृगानंतर पहिल्यांदा. मग सात्या निवडायला बसलो आणि हात चालेनात. दुसरा द्रोण सकाळपर्यंत काळा पडला.

त्यानंतर मला सवयच लागली. दिवसाला एक वर्ष म्हणजे दिवसाला एक वाढदिवस. कधी तो मी भाजी आणायला गेलो असताना होऊन जायचा, कधी बरोबर समोर यायचा. रोवणीला मी नामदेवभाऊच्या बांधीवर दोन दिवस जाऊन राहिलो. बायका वाकून रोपं लावत होत्या, गाणं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात होतं. धुऱ्यावर छत्री धरून बसलो होतो आणि मनात हिशेब चालला होता की आता तिथे कुठलं साल असेल. नामदेवभाऊनं त्या वर्षी अर्धा भारी, अर्धा हलका टाकला होता. “विचारायले कोनी नाई तं मी का करू?” तो म्हणाला. हे त्याचं रडणं होतं. मी ते तेव्हा ओळखलं नाही. मला वाटलं, धानाबद्दल बोलतोय.

पोळ्याच्या दिवशी शंभर वर्षं पूर्ण झाली. ओळी थांबल्या. शेवटी काम संपल्याचे दोन शब्द होते, आणि त्यांच्याखाली काहीच नव्हतं. समुद्राचा ठेका मोडला की नाही हे त्या ओळींवरून कळत नव्हतं. ते पाहायला पुण्याला तिची सहकारी रश्मी होती. रश्मी म्हणाली, “सर, हातातलं काम संपलं की मी मॅडमचा रन नक्की बघते.” रन म्हणजे मॉडेलची ती शंभर वर्षं. दसरा गेला, धान घरी आला, थंडी पडली. मी दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा करायची लाज वाटली. इतकी वर्षं पुस्तकं परत मागितली, पण तोंडावर कधी कोणाला टोकलं नाही. चिठ्ठी पाठवायचो. इथे चिठ्ठी कोणाला पाठवणार?

यंदाच्या वैशाखात रश्मीचा फोन आला. आवाजावरूनच कळलं.

“सर, वाईट बातमी आहे. मॅडमचा रन बिघडलाय.”

खरा समुद्र कधीही तापायला लागला तरी त्याचा कळस वर्षअखेरीला येतो, डिसेंबरच्या आसपास. एल निनो हे नावच नाताळातल्या बाळावरून पडलं. मॉडेल बरं आहे की नाही, हे आधी यावरून पाहतात. वंदनाच्या रनमध्ये हा कळस सुरुवातीला डिसेंबरात होता, पण पुढे नोव्हेंबर, मग ऑक्टोबर, मग भर पावसाळ्यात असा मागे मागे घसरत गेला होता.

“म्हणजे तिनं घातलेल्या वाऱ्यांनी हे झालं?”

“तसंच दिसतंय. ऋतूच हरवलाय त्याचा.” मग ती म्हणाली, “मशीनवर जागा कमी आहे, सर. जूनच्या शेवटी बिघडलेले रन पुसणार आहेत. मी मॅडमचा वाचवू शकत नाही. तुम्हाला आधी सांगावं वाटलं.”

मी ‘बरं’ म्हणालो. फोन ठेवला आणि मग बराच वेळ नुसता फिरत राहिलो, स्वयंपाकघर ते ओसरी. कोणावर चिडावं ते कळेना. रश्मीचं चुकलं नव्हतं. जागा खरोखरच कमी असेल. पण वंदना बिछान्यावर उशीला टेकून, दोन उलट्यांच्या मध्ये जे करत होती ते बिघडलेलं निघालं, हे मला पटत नव्हतं. आणि पटत नाही असं म्हणायला माझ्याकडे कारणही नव्हतं. आपलं माणूस गेलं की त्याचं सगळं बरोबर होतं असं वाटतं. ग्रंथपालाचा त्यावर विश्वास बसू नये.

त्यातच वर्षश्राद्धाचा प्रश्न निघाला. मी गुरुजींना म्हणालो, मृग लागला की वर्ष होतं. गुरुजींनी पंचांग काढलं. “यंदा धोंडा आहे. अधिक महिना. तुमची तिथी पुढच्या महिन्यात.” म्हणजे मृगाच्या हिशेबानं वर्ष झालं होतं, पंचांगाच्या हिशेबानं व्हायचं होतं. मला दोन्हींचा कंटाळा आला होता.

मृगाच्या दुसऱ्याच दिवशी नामदेवभाऊ दारात हजर. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, वाण देतात. मी म्हणालो, या वर्षी नको, बरं दिसत नाही.

“काऊन? बहीन गेली तं जवाई का वापस करू?”

“लोक काय म्हणतील, भाऊ?”

“लोक म्हनतीन का नामदेवानं जवायाले उपाशी ठेवलं. चला. तुमची वहिनी पहाटपासून पुरन वाटून राह्यली.”

जीपमधून सिंदेवाही आणि तिथून त्याच्या मोटरसायकलवर गाव. शेवंतावहिनींनी पाट मांडला होता. एकच पाट. मागच्या धोंड्याला दोन होते. पुरणाचे धोंडे वाढताना त्या बोलत राहिल्या, शांतता पडू नये म्हणून असेल.

“हा महिना कोनं काढला देव जाने. दर दोन-तीन वर्षाले येते अन् माही कंबर मोडते.”

“नाई आला तं सन घसरत जातीन,” नामदेवभाऊ म्हणाला. “दिवाळी भर पावसात येईन. चिखलात दिवे लावशीन का?”

“तुमाले का? तुमी तं खाऊन झोपता.”

माझा घास हातात राहिला.

सण घसरत जातील. चंद्राचे बारा महिने उन्हाच्या वर्षाला पुरत नाहीत, दर वर्षी थोडे कमी पडतात. मध्ये एक महिना घातला नाही तर दिवाळी मागे मागे येत पावसाळ्यात येईल. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, पावसाळा. आणि वंदनाच्या समुद्रात बाराही महिने तीस दिवसांचे होते. तिचं वर्ष आपल्या वर्षाहून लहान होतं.

“काय झालं, जवाईबापू? गोड कमी पडलं?”

“नाही भाऊ. एक फोन करायचाय.”

घरात रेंज नव्हती. खरकट्या हातानंच अंगणात, मग गुरांच्या गोठ्यामागे, मग धुऱ्यावर. फोन लागला तेव्हा मी भरभर आणि उलटसुलट बोललो. रश्मी म्हणाली, “सर, जरा हळू.” मी पुन्हा सांगितलं. तुम्ही दिवस मोजले आणि आपल्या वर्षानं भागले, असं तर नाही? तिच्या वर्षाला पाच दिवस कमी आहेत. दरवर्षी पाच दिवस मागे. तिच्या समुद्रात फेब्रुवारी तीसची असते, मी पाहिली आहे.

मग रश्मी म्हणाली, “आमची नवीन मॉडेलं खऱ्या कॅलेंडरवर चालतात, सर. मी... मी बघते. उद्या सांगते.”

परत आलो तर वहिनींनी पानावर ताट पालथं घालून ठेवलं होतं. नामदेवभाऊनं विचारलं, “समुंदराचा फोन?” मी हो म्हणालो. “मंग जेवा आता. समुंदर कुठी जात नाई.”

दुसऱ्या दिवशी रश्मीनं सांगितलं. वर्ष नीट मोजल्यावर समुद्राचा कळस जागच्या जागी, डिसेंबरात होता. शंभर वर्षं तो कधी हललाच नव्हता. घसरली होती ती मोजणी. रन पुसायच्या यादीतून काढला होता. ती दोनदा सॉरी म्हणाली. मी म्हणालो, त्याची गरज नाही, आणि विचारलं, “ठेका मोडला का?”

“थोडा, सर. एकदा मध्ये चार वर्षं तापलाच नाही. पण बाकी अजून एक वर्ष सोडून एक वर्षच येतोय. मॅडमनी घातलेले झटके पुरेसे नाहीत. अजून काहीतरी आहे, जे आम्हाला कळत नाही.”

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, घटकाभर. मग ती जुनी चीड परत आली. काम बिघडलेलं नव्हतं. काम अपुरं होतं. बिघडलेलं असतं तर पुसलं गेलं असतं आणि संपलं असतं. अपुऱ्याचं काय करायचं, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. तिला हे सांगता आलं असतं तर ती म्हणाली असती, चार वर्षं? कुठली चार? दाखवा. आणि जेवण तसंच ठेवून उठली असती.

नामदेवभाऊनं चार दिवसांपूर्वी फोन करून विचारलं, “भारी का हलका?” आता हा प्रश्न तो मला विचारतो. मी म्हणालो, मला नाही सांगता येत. “तुमी बी तेच,” तो म्हणाला, आणि त्यानं सगळा हलका टाकला. परवापासून इथे पाऊस लागून आहे.

वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. लॅपटॉप टेबलावर आहे, बंद. वंदनाचा समुद्र दूरच्या मशीनवर शंभराव्या वर्षाच्या डिसेंबरात, शेवटच्या तारखेला थांबलेला आहे. रश्मी म्हणाली, त्या तारखेला पाणी गरम आहे.